बाहेर म्हणे 46 अंश: गाडीतल्या तापमानाच्या आकड्याचा माग

2 एप्रिल

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण गाडी चालवताना मनात केलेले हिशेब घरी येईपर्यंत विसरायला होतात. तक्रार अशी आहे की मीटरच्या कोपऱ्यात बाहेरचं तापमान दिसतं आणि ते खोटं आहे. दुपारी तासभर चालवल्यावरही 46. मागे बसलेल्या आईने वाकून आकडा वाचला, काच खाली करून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "सेहेचाळीस कसले रे, कालच्यासारखंच तर आहे." आईचा हात म्हणजे काही प्रमाणित उपकरण नव्हे, पण आकड्यापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास बसला.

नुसता आकडा चुकला असता तर सोडून दिलं असतं. पण एसी ऑटोवर असतो आणि ऑटो एसी याच आकड्याच्या भरवशावर पंख्याचा जोर ठरवतो. बाहेर भट्टी पेटली आहे अशी त्याची समजूत, त्यामुळे पंखा घोंघावत राहतो. मागचे कुडकुडतात आणि मग मी हाताने पंखा कमी करतो. म्हणजे ऑटो नावापुरतंच.

गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवरची. विजेच्या बाबतीत आजवर शहाण्यासारखी वागलेली. मागच्या वर्षी रेडिएटरचा पंखा बदलला, तेवढंच काय ते मोठं काम.

3 एप्रिल

चूक किती आहे हे ठरवायला आधी खरं काय ते हवं. मोबाइलवरचा हवामानाचा आकडा उपयोगाचा नाही. तो कुठल्या तरी केंद्रावरचा किंवा गणिताने काढलेला असतो. शिवाय हवामानवाले तापमान मोजतात ते सावलीत, वारा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. (थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याच्या नावाने ती पेटी ओळखली जाते.) गाडीचा सेन्सर असतो बंपरच्या आत, डांबरापासून वीतभर-दोन वीत वर. उन्हात तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गरमच असणार. तेव्हा एक-दोन अंशांचा फरक मी आधीच माफ करून टाकला.

घरी वायरवाला डिजिटल थर्मामीटर होता. आधी त्याचीच परीक्षा घेतली. बर्फ कुटून पेला भरला, फटी भरतील इतकंच पाणी घातलं आणि पाच मिनिटं ढवळत राहिलो. 0.4 दाखवलं, चालेल. मग एक पांढरा कागदी कप घेऊन त्याला दोन्हीकडून मोठी भोकं पाडली, त्याच्यावर दुसरा मोठा कप उपडा घातला आणि मध्ये बोटभर फट ठेवली. आतल्या कपात थर्मामीटरचं टोक लोंबतं ठेवलं, भिंतीला टेकू न देता. हे सगळं मागच्या खिडकीच्या काचेत, उन्हाच्या विरुद्ध बाजूला अडकवलं. दिसायला भिकार, पण चालत्या गाडीत वारा लागतो आणि ऊन लागत नाही.

दुपारी 60च्या वेगात: कपात 36, मीटरवर 46. पहाटे, गाडी रात्रभर उभी होती, इंजिन थंड: कपात 25, मीटरवर 24. दुपारी दहा अंश जास्त आणि पहाटे एक अंश कमी. पहाटेचा तो एक अंश मी मोजणीतला फरक म्हणून सोडून दिला.

6 एप्रिल

नवीन सेन्सर मागवला. न मोजता. माहीत आहे.

11 एप्रिल

सेन्सर आला. वाटाण्याएवढं काळं टोक, मागे दोन पिनांचा कपलर, म्हणजे तार जोडायचा खटका. आत थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा तुकडा. बाकी काही नाही, म्हणून तर हे सेन्सर स्वतःहून क्वचितच बिघडतात. हे मला सेन्सर मागवण्याआधी सुचायला हवं होतं.

जुना शोधायला गाडी पुढून उचलून, स्टँडवर ठेवून खाली शिरलो. दोन गोष्टी पाळल्या. पहिली, रेडिएटरचा पंखा किल्ली काढल्यावरही आपणहून फिरू शकतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत हात आत घातला नाही. दुसरी, पुढच्या भागात एअरबॅगचे धडक ओळखणारे सेन्सर असतात. त्यांच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही.

सेन्सर एसीच्या कंडेन्सर नावाच्या जाळीच्या कडेला, रेडिएटरच्या चौकटीतल्या एका गोल भोकात खोचलेला सापडला. क्लिपला काळी टेप गुंडाळलेली होती, भोकात घट्ट बसावा म्हणून असणार. नवीन सेन्सरलाही तशीच टेप गुंडाळली आणि त्याच भोकात खोचला.

12 एप्रिल

दुपारी 46. काडीचा फरक नाही.

18 एप्रिल

आता तरी मोजू. जुना आणि नवा, दोन्ही सेन्सर एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवले (फक्त टोकं, कपलर कोरडे ठेवून), थर्मामीटरही त्यातच. बर्फाच्या पाण्यात दोन्हींचा रोध साधारण 33 किलोओहम. 25 अंशांच्या पाण्यात एक 10.1, दुसरा 9.9. 40 अंशांच्या कोमट पाण्यात दोन्ही 5.3. गरम पाणी घालून 50 वर नेलं तेव्हा 3.6. घाई केली की आकडे जुळत नाहीत. पाणी ढवळून मिनिटभर थांबलं की जुळतात.

दोन्ही सेन्सर ठणठणीत. जुना होता तोही ठणठणीतच होता. जुनाच परत बसवला. नव्याचा राग आला म्हणून नव्हे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी म्हणून.

हे आकडे मात्र सोन्यासारखे निघाले. आता रोध कळला की तापमान सांगता येतं आणि तापमान कळलं की रोध. दुसऱ्या गाडीत दुसरे आकडे असतील, सगळे सेन्सर 25 अंशांना 10 किलोओहमचे नसतात. पण पाण्याच्या पेल्यात स्वतःचा तक्ता करायला अर्धा तास पुरतो.

19 एप्रिल

गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावला. मीटरवर दिसणारा आकडा आणि संगणकापर्यंत पोचलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऐकून होतो, आज पाहिलं.

स्कॅनरवर बाहेरच्या हवेच्या तापमानाची ओळ असते. संगणक ते एका बाइटमध्ये (म्हणजे 0 ते 255 मधल्या एका संख्येत) पाठवतो आणि त्यातून 40 वजा करून अंश काढायचे असतात. म्हणजे 76 आलं तर 36 अंश. 0 आलं तर उणे 40. सेन्सरची तार तुटली की गाडीला उणे 40 वाटतं ते यामुळेच, यापेक्षा खाली जायला जागाच नाही. (उणे 40 ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच असतात, हा शाळेतला प्रश्न आज पहिल्यांदा कामाला आला.)

गाडी चालवली, उभी केली, इंजिन बंद करून वीस मिनिटांनी परत चालू केलं. मीटरवर मघाचाच 46, स्कॅनरवर 52. मग कळलं की मीटर शहाणपणा करतो. इंजिन गरम आहे आणि गाडी उभी आहे म्हणजे बॉनेटखालची धग सेन्सरला लागत असणार, असं धरून तो जुनाच आकडा दाखवत राहतो. माझ्या गाडीत साधारण 30चा वेग पकडून तो थोडा वेळ टिकवला की मगच आकडा वर सरकायला लागतो, तोही रेंगाळत. खाली मात्र लगेच उतरतो. सेन्सर चुकतो तो बहुधा गरम बाजूनेच, थंड बाजूने क्वचित, म्हणून ही एकतर्फी समजूत ठीकच आहे.

याचा अर्थ, मीटरकडे बघून कुठलीही चाचणी करण्यात अर्थ नाही. आधीच्या नोंदींमधले निम्मे आकडे शिळे असू शकतात. यापुढे फक्त स्कॅनर.

कपलर ओढून काढला: स्कॅनरवर तत्काळ उणे 40, मीटरवर दोन आडव्या रेघा आणि एसीचा कॉम्प्रेसर गप्प. थंडीत कॉम्प्रेसर फिरू नये अशी सोय असते, तिने आपलं काम केलं. भर दुपारी, घामाघूम माणसासमोर.

25 एप्रिल

सेन्सर चांगला आहे. मग तार किंवा संगणक? सेन्सरच्या जागी माहीत असलेला रोध लावला की उत्तर मिळायला हवं. 10 किलोओहमचा रेझिस्टर कपलरच्या दोन्ही भोकांत खोचला. 25 यायला हवं होतं, आलं 24.

रेझिस्टरवर सोनेरी पट्टा, म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. एका अंशाला साधारण साडेचार टक्के लागतात, तेवढं त्यात बसतं. तार चांगली, संगणक चांगला असं लिहून मोकळा झालो.

म्हणजे सेन्सर बरोबर, तार बरोबर, संगणक बरोबर आणि आकडा दहा अंशांनी चूक. जेवताना हे सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मग कदाचित खरंच 46 असेल." हसण्यावारी नेलं.

27 एप्रिल

आईला गार वारा सोसेना म्हणून परत येताना एसी बंद केला आणि काचा उघडल्या. दहा मिनिटांनी तिनेच दाखवलं: "आता बघ, अडतीस झाले." कपात 36. एसी लावला, पुन्हा चढत चढत 46.

एसीचा आणि बाहेरच्या हवेचा संबंध काय? उलट मानलं तर सरळ आहे: बाहेरच्या तापमानावरून एसी चालतो. पण एसीवरून बाहेरचं तापमान? एसीचा विजेचा भार पडून व्होल्टेज कमी होत असेल आणि त्याने आकडा बदलत असेल, या खुळात संध्याकाळ घालवली. बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्टेज, रोध मोजायचं उपकरण) लावून पाहिलं, काही नाही. तसंही सेन्सरला संगणक स्वतःचे नियंत्रित 5 व्होल्ट पुरवतो. बॅटरीचं थोडं खालीवर झालं म्हणून त्यात फरक पडायला नको.

3 मे

10 किलोओहमची चाचणी मला टोचत होती. पाच टक्क्यांच्या आड लपणं हा आळस होता. रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजला: 10.01. म्हणजे सोनेरी पट्ट्याचं निमित्त गेलं आणि तो एक अंश खरा आहे. पहाटेचा एक अंशही तसाच होता की!

मग दुसरा रेझिस्टर घेतला, 4.7 किलोओहमचा, मोजून 4.69. तक्त्याप्रमाणे 43 अंश. स्कॅनरवर आले 40.

इथे थोडं थांबून लिहितो, कारण या दोन आकड्यांतच सगळं आहे. 25 अंशांना चूक एक, 43 ला चूक तीन. दोन्ही वेळा संगणकाला खऱ्यापेक्षा थंड वाटतंय, म्हणजे त्याला रोध जास्त दिसतोय. 40 अंश म्हणजे 5.3, आणि मी लावलेत 4.7. वर 0.6 कुठून तरी येतायत. 24 अंशांच्या आसपास 10.6 लागतात, लावले 10. पुन्हा 0.6! तारेत कुठे तरी 600 ओहम फुकट बसलेत. पहाटे सेन्सर 10 किलोओहमचा असतो तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. दुपारी सेन्सरच चार-पाच किलोओहमवर येतो तेव्हा तेच 600 डोईजड होतात. म्हणून तीच खराबी थंडीत दिसत नाही आणि उन्हात दिसते.

कपलर सोडवून बॅटरीच्या उजेडात पाहिला. पुढून पिना चकाचक. मागचं रबराचं बूच टोकदार पकडीने सरकवलं तर आत तार जिथे पितळी टोकात चेपलेली असते तिथे हिरवं-निळसर पीठ. तांब्याचं भांडं महिनोन्महिने घासलं नाही की कडांना जसं साचतं, अगदी तसं. नखाने उकरलं तर तारेचे चार-पाच पदर पिठासारखेच गळून पडले. उरलेल्या काळपट पदरांवर संसार चालला होता. बुचाला एका बाजूला चीर होती, पाणी तिथून शिरलं असणार. रेझिस्टरचे पाय पुढून खोचले तेव्हा पिना तपासल्या गेल्या, पण चेपलेला भाग वाटेत तसाच राहिला, म्हणून चाचणीतही हे 600 ओहम आले.

फक्त एकच मेख आहे. जास्तीच्या रोधाने आकडा कमी दिसायला हवा. माझा आकडा जास्त दिसतोय. तारेवर तार पडून किंवा ओल्या मातीने दोन पिना जोडल्या जाऊन रोध कमी झाला असता तर आकडा वाढला असता. इथे उलटी खराबी सापडली आहे. तरी दुरुस्त तर करायलाच हवी.

4 मे

कळकलेली तार कापत गेलो. पहिल्या पेरावर आत काळी, दुसऱ्यावर तपकिरी. साधारण चार बोटं कापल्यावर लाल तांबं दिसलं. त्या मापाची नवी तार जोडली, टोक आणि बूच दोन्ही नवीन, जोडावर आतून डिंक असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवली. नळी तापवताना कडेने डिंकाचा थेंब बाहेर आला की समजायचं आता पाणी शिरत नाही.

4.69 चा रेझिस्टर: 43. 10.01 चा रेझिस्टर: 25. टाळ्या.

सेन्सर लावला, गाडी काढली, एसी लावला, 60चा वेग. कपात 36. स्कॅनरवर 47, 48, 49, 50.

पन्नास!

5 मे

रात्रभर चिडचिड झाली आणि मग सकाळी चहा घेताना कागदावर मांडलं. 50 अंशांना सेन्सर 3.6 किलोओहम. त्यात फुकटचे 0.6 मिळवले की 4.2. आणि 4.2 म्हणजे 46 अंश.

म्हणजे सेन्सर सुरुवातीपासून 50 च सांगत होता आणि कळकलेली तार त्यातले चार अंश गिळत होती. दोन चुका, एक वर ओढणारी, एक खाली. तार दुरुस्त केल्यावर आकडा जास्त बिघडला, कारण तोवर एका चुकीने दुसरीवर पांघरूण घातलं होतं. आता संपूर्ण यंत्रणा खरं बोलते आहे आणि ती म्हणते आहे की सेन्सरभोवतीची हवा 50 अंश आहे.

भाऊ 25 तारखेला बरोबर बोलला होता. खरंच गरम आहे. बाहेर नाही, सेन्सरजवळ.

10 मे

मल्टिमीटरबरोबर आलेली थर्मोकपलची (टोकाशी तापमान मोजणारी) तार सेन्सरच्या टोकाशेजारी, पण त्याला न टेकवता बांधली आणि दुसरं टोक काचेतून आत घेतलं. एसी लावून 60चा वेग: थर्मोकपल 49 ते 51 मध्ये, स्कॅनर 50. एसी बंद: दोन्ही 41 ला आले. वाद मिटला.

(आधी इन्फ्रारेड गनने मोजायचा प्रयत्न केला होता. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन खुळ्यासारखे आकडे देते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, समोरच्याची परावर्तित करतो. कंडेन्सरवर गन रोखली तर ती मला माझ्या शर्टाचं तापमान सांगत होती.)

आता 27 तारखेचं कोडं उलगडलं. आतली उष्णता बाहेर टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. एसी चालू असताना तो चांगलाच तापलेला असतो आणि त्यातून पार होणारी हवा तापूनच मागे जाते. सेन्सर जर त्याच्या मागच्या अंगाला असेल तर त्याला बाहेरची हवा लागतच नाही, लागते ती कंडेन्सरने तापवलेली. एसी बंद केला की आकडा उतरणारच.

पण असा सेन्सर कुठल्या शहाण्याने कंडेन्सरच्या मागे बसवला असेल? खालच्या जाळीतून बॅटरी मारून पाहिलं तर जाळीच्या बरोबर मागे, मधोमध, कंडेन्सरच्या चांगला पुढे, एक छोटी प्लास्टिकची पट्टी आहे आणि तिला चौकोनी भोक आहे. रिकामं. सेन्सरची क्लिप चौकोनी आहे. गोल भोकात बसावी म्हणून तिला टेप गुंडाळावी लागली होती.

आणि 2 तारखेच्या नोंदीत मीच लिहून ठेवलंय: मागच्या वर्षी रेडिएटरचा पंखा बदलला. त्या कामाला बंपर उतरतो आणि बंपर उतरवायचा तर सेन्सर सोडवावा लागतो. परत लावताना ज्याने कोणी तो लावला त्याला तार चौकटीच्या चुकीच्या बाजूने आल्यामुळे पुढे पुरली नसावी. मग जवळचं भोक आणि थोडी टेप. त्यांच्यावर किती चिडावं हा प्रश्न आहे, कारण 11 एप्रिलला मी स्वतः आडवा पडून त्याच गोल भोकात टेप गुंडाळून नवा सेन्सर खोचला आणि समाधानाने बाहेर आलो.

11 मे

बंपर पूर्ण उतरवला नाही. चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि खालच्या क्लिपा काढून कोपरा इतका वाकवला की हात जाईल. तार चौकटीच्या मागून ओढून पुढून घेतली, मूळची पकड सापडली, तीत बसवली. सेन्सर चौकोनी भोकात घातला. टक्. टेपची गरज नाही.

दुपारी 60चा वेग, एसी चालू. कप 36, थर्मोकपल 37, स्कॅनर 37, मीटर 37. एसी बंद, कुठलाच आकडा हलला नाही. पंखा दुसऱ्या टप्प्यावर आला आणि गाडीत अचानक इतकी शांतता पसरली की मागच्या दाराची करकर ऐकू यायला लागली. ती वेगळी वही.

17 मे

एक शेपूट राहिलं आहे. रांगत्या रहदारीत, दहा-पंधराच्या वेगात, एसी चालू असताना आकडा 42 पर्यंत जातो. मीटर तो दाखवत नाही, अडवून धरतो. पण रांग सुटून वेग आला की मधल्या वेळात साचलेला आकडा थोडा वेळ वर डोकावतो.

सेन्सर आता जागेवर आहे, मग ही गरम हवा पुढे कशी येते? अगरबत्ती. गाडी मोकळ्या जागेत उभी, इंजिन आणि एसी चालू, रेडिएटरचा पंखा फिरतोय. अगरबत्तीचा धूर जाळीसमोर धरला तर आत खेचला जातो, हे बरोबर. तीच अगरबत्ती डाव्या बाजूला, कंडेन्सर आणि बंपर यांच्यामधल्या फटीशी धरली तर धूर आतून पुढे यायला लागला. म्हणजे पंख्याने मागे टाकलेली गरम हवा बाजूच्या फटीतून वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि परत कंडेन्सरमध्ये शिरते. वेगात समोरचा वारा तिला येऊ देत नाही. रांगताना कोणी अडवणारं नसतं.

उजव्या बाजूला त्या फटीत काळ्या प्लास्टिकचा पडदा आहे. डाव्या बाजूला फक्त त्याच्या क्लिपांची भोकं आहेत. तोही पंखा बदलला त्याच दिवशी राहिला असणार.

तूर्त जाड फोमची पट्टी कापून फटीत दाबून बसवली, पंख्याच्या पात्यांपासून लांब, आणि वरून दोन केबल टाय. मूळचा पडदा मागवला आहे. या वेळी आधी मोजून.

याचा फायदा सेन्सरपेक्षा एसीला जास्त होणार आहे. कंडेन्सर स्वतःचीच तापलेली हवा परत पीत असेल तर रहदारीत एसी मंद वाटणार हे उघड आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तसं वाटत होतं आणि मी ते गॅस कमी झाल्यावर ढकलत होतो.

24 मे

पडदा बसला. रांगत्या रहदारीत आता 38, फार तर 39, कप 36 दाखवत असताना. बाकीचं डांबराचं आहे, आणि ते सुरुवातीलाच माफ केलेलं आहे.

पहाटे थंड गाडीत कप 26, स्कॅनर 26, मीटर 26.

कपांचं सोंग खिडकीवरून काढलं. नवा सेन्सर त्याच्याच खोक्यात घालून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवला. खोक्यावर "चांगला आहे, कारण नसताना घेतला" असं लिहिलं. परत येताना आईने सवयीने वाकून आकडा पाहिला, काच खाली केली, हात बाहेर काढला. "सदतीस," म्हणाली आणि काच लावून घेतली.